काडेपेटीएवढे चार कॉम्प्युटर, एक बोर्ड: हा ‘टेबलावरचा सुपरकॉम्प्युटर’ वर्ध्यातल्या कॉलेजच्या कामाचा आहे का?

१७ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद एक बोर्ड. त्यावर चार स्लॉट. प्रत्येक स्लॉटमध्ये साधारण काडेपेटीएवढा एक पूर्ण कॉम्प्युटर. त्याचा प्रोसेसर वेगळा, रॅम वेगळी आणि त्यावर चालणारी लिनक्सही वेगळी. या बोर्डला म्हणतात क्लस्टर बोर्ड. यूट्यूबवर याचे व्हिडिओ पाहिले, तर ‘टेबलावरचा सुपरकॉम्प्युटर’ असं त्याचं वर्णन सहज कानावर पडतं.

आता कल्पना करा, वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजसमोर असा बोर्ड घ्यायचा प्रस्ताव आला आहे. लॅबसाठी वर्षाला ठरावीक रक्कम मिळते. त्यातून हा बोर्ड घ्यायचा, की त्याच पैशात एक चांगला डेस्कटॉप घ्यायचा? की काहीच न घेता विद्यार्थ्यांना क्लाउडवर काम करायला सांगायचं?

प्रश्न एका बोर्डचा वाटतो, पण तेवढाच नाही. देशात सध्या सुपरकॉम्प्युटर आणि एआयच्या यंत्रणेवर हजारो कोटी रुपये खर्च होत आहेत. ती यंत्रं चालवणारी माणसं कुठून येणार आणि त्यात जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलांचा वाटा किती असणार, हा खरा मुद्दा आहे. म्हणून आधी समजून घेऊ, की हा बोर्ड काय आहे, त्याची परीक्षा कशी घ्यायची आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची नाही.

क्लस्टर बोर्ड म्हणजे नेमकं काय?

रास्पबेरी पाय हे नाव तुम्ही ऐकलं असेल. एटीएम कार्डाएवढ्या बोर्डवर मावणारा हा कॉम्प्युटर शाळा-कॉलेजांत आणि छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांमध्ये लोकप्रिय आहे. २०१४ मध्ये याच कंपनीने कॉम्प्युट मॉड्यूल आणलं. म्हणजे तोच कॉम्प्युटर, पण यूएसबी, एचडीएमआय, नेटवर्क अशी बाहेरची जोडणी काढून टाकलेला. तो एकटा वापरायचा नसतो, दुसऱ्या बोर्डवर बसवायचा असतो. २०२० मध्ये आलेलं चौथ्या पिढीचं मॉड्यूल ५५ बाय ४० मिलिमीटरचं आहे. पाचव्या पिढीचं मॉड्यूल नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं.

अशी अनेक मॉड्यूल एकत्र बसवता येतील असा मदरबोर्ड म्हणजे क्लस्टर बोर्ड. ट्युरिंग पाय २ या बोर्डवर चार मॉड्यूल बसतात. डेस्कपाय सुपर ६सी या बोर्डवर सहा. दोन्ही बोर्ड साध्या छोट्या कॅबिनेटमध्ये बसतील अशा मापाचे आहेत.

बोर्डचं काम तीन गोष्टींचं. एक, सगळ्या मॉड्यूलना एकाच पॉवर सप्लायवरून वीज देणं. दोन, त्यांना आपसात जोडणं. त्यासाठी बोर्डवरच नेटवर्क स्विच असतो, त्यामुळे वायरींचं जंजाळ होत नाही. तीन, त्यांच्यावर लक्ष ठेवणं. ट्युरिंग पाय २ वर यासाठी एक वेगळी छोटी चिप आहे. तिला बीएमसी म्हणतात, आणि तिचा मुंबई महापालिकेशी काही संबंध नाही. कोणतं मॉड्यूल चालू करायचं, कोणतं बंद करायचं, कोणावर नवी सिस्टिम टाकायची, हे तिच्यामार्फत दुसऱ्या खोलीत बसूनही करता येतं. मोठ्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवरही अशीच चिप असते.

क्लस्टरमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरला नोड म्हणतात. पुढे हा शब्द वारंवार येईल.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. महाराष्ट्रात तर ती ३५ वर्षं जुनी आहे.

१९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचे ताकदवान सुपरकॉम्प्युटर हवे होते. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्ससाठी मागितलेलं मोठं मॉडेल मिळालं नाही. हवामानाच्या अंदाजासाठी त्यापेक्षा लहान क्रे एक्स-एमपी १४ मिळाला, तोही अटी घालून. या पार्श्वभूमीवर मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर. ते मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे आणि नागपूरच्या तेव्हाच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजचे, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीचे माजी विद्यार्थी.

सी-डॅकसमोर पेच होता. क्रेसारखा एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर बनवणं किंवा विकत घेणं शक्य नव्हतं. मग बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर मोठ्या संख्येने एकत्र जोडून काम करून घ्यायचं ठरलं. त्यासाठी निवडला ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्युटर. त्याचं वैशिष्ट्य असं, की शेजारच्या चिपशी थेट बोलण्यासाठी प्रत्येक चिपमध्येच चार लिंक दिलेल्या होत्या. तीन वर्षांत, १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. पहिल्या टप्प्याचं उद्दिष्ट होतं एक गिगाफ्लॉप, म्हणजे दशांश अपूर्णांकांची सेकंदाला शंभर कोटी गणितं.

गंमत म्हणजे ट्रान्सप्युटरही छोट्या मॉड्यूलवर मिळायचे आणि ती मॉड्यूल बसवायला स्लॉट असलेले बोर्ड असायचे. इनमॉसचा एक बोर्ड साध्या पीसीत बसायचा आणि त्यावर दहा मॉड्यूलची जागा होती. आजचा क्लस्टर बोर्ड त्याच घराण्यातला आहे.

पुढची पायरी अमेरिकेत पडली. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे पीसी नेटवर्कने जोडले आणि त्याला ‘बेओवुल्फ’ नाव दिलं. दुकानात मिळणारे पीसी आणि फुकट मिळणारी लिनक्स, एवढ्यावर क्लस्टर उभा राहतो हे जगाला कळलं. आजचे बहुतेक सुपरकॉम्प्युटर मुळात क्लस्टरच आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथे सुरू झालेले परम रुद्रही त्याच जातीचे आहेत. नोड खूप, प्रत्येक नोड तगडा आणि त्यांना जोडणारं नेटवर्क अतिशय वेगवान.

२०१२ मध्ये ब्रिटनच्या साउथहॅम्प्टन विद्यापीठात ६४ रास्पबेरी पाय जोडून क्लस्टर बनवला गेला. त्याची चौकट लेगोच्या ठोकळ्यांची होती. त्याहून महत्त्वाचं उदाहरण २०१७ चं आहे. अण्वस्त्र संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेने ७५० नोडचा रास्पबेरी पाय क्लस्टर घेतला. या प्रयोगशाळेकडे जगातल्या सर्वांत मोठ्या सुपरकॉम्प्युटरपैकी काही आहेत. मग त्यांना रास्पबेरी पाय कशाला हवे होते? कारण खऱ्या यंत्रावर प्रयोग करायला वेळ मिळत नाही. हजारो नोड एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहायचं, ते बिघडवून पाहायचं, पुन्हा उभं करायचं, यासाठी त्यांना स्वस्तातला सराव-क्लस्टर हवा होता.

या उदाहरणातच आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

मग याला सुपरकॉम्प्युटर म्हणायचं का?

आकडे पाहू. अमेरिकेतले डेव्हलपर जेफ गियरलिंग अशा बोर्डांच्या चाचण्या घेऊन त्यांचे निकाल जाहीर करतात. चौथ्या पिढीची सहा मॉड्यूल बसवलेल्या डेस्कपाय बोर्डने त्यांच्या चाचणीत सुमारे ६० गिगाफ्लॉप वेग दिला आणि सुमारे ४० वॉट वीज घेतली. छताचा साधा पंखा याहून जास्त वीज खातो. पहिल्या परमच्या उद्दिष्टाशी तुलना केली, तर टेबलावरचा हा बोर्ड ६० पट पुढे आहे.

पण तुलना आजच्या यंत्रांशी करायला हवी. पुण्यातला परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत ६३ वा होता. त्याचा मोजलेला वेग ४.६ पेटाफ्लॉप, म्हणजे ४६ लाख गिगाफ्लॉप. कागदावर भागाकार केला तर असे सुमारे ७७ हजार बोर्ड लागतील, आणि तरी बरोबरी होणार नाही. इतकं लांब जायलाही नको. चांगल्या आठ कोअरच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा वेगच काहीशे गिगाफ्लॉप असतो. म्हणजे नुसता वेग हवा असेल, तर साधा डेस्कटॉप बोर्डला मागे टाकतो.

याच गियरलिंग यांनी २०२५ मध्ये पाचव्या पिढीची दहा मॉड्यूल जोडून सुमारे तीन हजार डॉलरचा क्लस्टर उभारला. वेग मिळाला सुमारे ३२५ गिगाफ्लॉप. मोठं एआय मॉडेल त्यावर रांगतच चाललं, आणि खर्चाच्या मानाने पदरात फार काही पडलं नाही, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं.

कॉम्प्युटर चार झाले, तर काम चारपट वेगात का होत नाही? याचं उत्तर कापसाच्या शेतात सापडेल.

समजा, एका माणसाला एका तुकड्यातला कापूस वेचायला नऊ तास लागतात आणि तो काट्यावर मोजून नोंदवायला एक तास. एकूण दहा तास. आता चार माणसं लावली. वेचणी सव्वादोन तासांत झाली, पण काटा एकच आहे. मोजायला तोच एक तास. एकूण सव्वातीन तास, म्हणजे काम चारपट नव्हे तर जेमतेम तीनपट वेगाने झालं. सहा माणसं लावली तर अडीच तास, म्हणजे चारपट. नऊ लावली तर दोन तास, म्हणजे पाचपट. शंभर माणसं लावली तरी मोजणीचा एक तास उरतोच, त्यामुळे दहापटीच्या पुढे तुम्ही कधीच जाणार नाही. कॉम्प्युटरच्या जगात याला अ‍ॅम्डालचा नियम म्हणतात.

त्यात आणखी एक खर्च येतो, बोलण्याचा. नोडना एकमेकांना अधूनमधून माहिती द्यावी लागते. क्लस्टर बोर्डवरचं नेटवर्क बहुधा एक गिगाबिटचं असतं. परम सिद्धीमधल्या नोडना जोडणारी लिंक २०० गिगाबिटची आहे. म्हणून ज्या कामात नोडना सतत बोलावं लागतं, उदाहरणार्थ हवामानाचं गणित, तिथे छोटा बोर्ड अडखळतो. ज्या कामाचे तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र असतात, तिथे तो बरा चालतो. बोंडअळीने पोखरलेल्या बोंडांचे दहा हजार फोटो तपासायचे असतील, तर अडीच-अडीच हजारांचे चार गठ्ठे करून चार नोडना देता येतात. एकाला दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

बोर्डची परीक्षा कशी घ्यायची?

छोट्या यंत्राची परीक्षा कशी घ्यावी, याचा एक जुना नमुना वर्ध्याच्या परंपरेतच आहे. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्यातल्या अटी पाहा. चरखा हलका आणि सहज हलवता येणारा हवा. झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यायला हवा. आठ तासांत १६ हजार फूट सूत निघायला हवं. भारतात १५० रुपयांच्या आत बनायला हवा. नीट निगा राखली तर २० वर्षं चालायला हवा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जायला नको. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ मध्ये याच ग्रामोद्योगाच्या विचारातून उभं राहिलं.

या यादीत वेगाची अट एकच आहे. बाकी सगळ्या अटी विचारतात, की हे यंत्र कुठे चालणार, कोण चालवणार, बिघडलं तर काय होणार. क्लस्टर बोर्डलाही हेच विचारायला हवं. कॉलेजने बोर्ड घेतला, किंवा घेण्याआधी चाचणीसाठी मिळवला, तर पुढच्या सहा चाचण्या उपयोगी पडतील.

पहिली, हजेरी. चारही नोड प्रत्येक वेळी उठतात का? बीएमसीमधून एकेक नोड वीस-पंचवीस वेळा बंद-चालू करून पाहा. दहा वेळांतून एकदा न उठणारा नोड प्रॅक्टिकलच्या दिवशीच रुसतो.

दुसरी, नेटवर्क. आयपर्फ नावाचं मोफत सॉफ्टवेअर दोन नोडमधला वेग मोजतं. एक गिगाबिटच्या जोडणीवर प्रत्यक्षात सुमारे ९४० मेगाबिट मिळायला हवेत. मग दोन्ही जोड्या एकाच वेळी बोलायला लावा. वेग घसरला, तर स्विचवर ताण येतो आहे.

तिसरी, गणित. सुपरकॉम्प्युटरच्या जागतिक यादीसाठी लिनपॅक ही चाचणी वापरतात. तीच मोफत मिळते आणि छोट्या बोर्डवरही चालते. आधी एका नोडवर चालवा, मग दोनवर, मग चारवर. एका नोडच्या वेगाला चारने गुणून येणारा आकडा आणि प्रत्यक्ष मिळालेला आकडा शेजारी-शेजारी लिहा. त्या दोहोंतला फरक म्हणजे बोलण्याचा आणि वाट पाहण्याचा खर्च. विद्यार्थ्याला अ‍ॅम्डालचा नियम पुस्तकापेक्षा या फरकातून जास्त कळेल.

चौथी, उष्णता. ही चाचणी वर्ध्यात सर्वांत महत्त्वाची. इंटरनेटवरचे बहुतेक निकाल थंड देशांतल्या किंवा एसी लावलेल्या खोल्यांतले असतात. रास्पबेरी पायचा प्रोसेसर ८० अंश सेल्सियसला पोहोचला की स्वतःचा वेग कमी करू लागतो आणि ८५ अंशांना तो आणखी खाली आणतो. खोलीत २२ अंश असतील, तर हाताशी ५८ अंशांचं अंतर असतं. मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ च्या आसपास जातो. लॅबमध्ये ४० अंश धरले, तरी अंतर ४० वर येतं. त्यामुळे लिनपॅक दहा मिनिटं नव्हे, तर चार-पाच तास चालवा, तेही दुपारी आणि एसीशिवाय. दर मिनिटाला तापमान आणि वेग नोंदवा. प्रोसेसरने वेग कमी केला होता का, व्होल्टेज घसरलं होतं का, हे रास्पबेरी पाय एका कमांडवर सांगतो. हीटसिंक आणि पंखा यांची गरज किती, ते या नोंदीवरून ठरवा, जाहिरातीवरून नाही.

पाचवी, वीज जाणं. काम सुरू असताना वीज गेली तर काय होतं? मेमरी कार्डवर लिहिणं अर्धवट राहिलं, तर फाइल सिस्टिम खराब होऊ शकते आणि नोड पुन्हा उठत नाही. म्हणून सुरुवातीला, बोर्डवर काही महत्त्वाचं नसताना, मुद्दाम वीज तोडून पाहा. बोर्ड ४० वॉटच्या घरात वीज घेत असल्याने साधा यूपीएसही त्याला बराच वेळ धरून ठेवतो. २४ तास चालवला तरी दिवसाला जेमतेम एक युनिट.

सहावी, एक गडी बाद. काम सुरू असताना बीएमसीमधून एका नोडची वीज बंद करा. मॉड्यूल हाताने उपटायचं नाही, त्याने बोर्ड जळू शकतो. इथे दोन वेगळ्या दुनिया दिसतात. वैज्ञानिक गणितासाठी वापरतात त्या एमपीआय पद्धतीत एक नोड गेला, की बहुधा सगळं काम कोसळतं. मध्येमध्ये प्रगती साठवून ठेवली नसेल, तर पहिल्यापासून सुरुवात. वेबसाइट आणि अ‍ॅप चालवण्यासाठी वापरतात त्या कुबरनेटिसमध्ये मात्र सिस्टिम थोडा वेळ वाट पाहते आणि मग काम दुसऱ्या नोडवर हलवते. मूळ सेटिंगमध्ये ही वाट सुमारे पाच मिनिटांची असते. पाच मिनिटं चालतील का? रेल्वे तिकिटांच्या साइटला चालतील का? हॉस्पिटलच्या नोंदींना चालतील का? इथून वर्गात खरी चर्चा सुरू होते.

या सहांपैकी वेगाची चाचणी एकच आहे. बाकी पाच यंत्राच्या वागण्याच्या आहेत.

खर्चाचं गणित काय सांगतं?

नुसत्या क्लस्टर बोर्डलाच दोनशे डॉलरहून जास्त पडतात. त्यावर चार मॉड्यूल, पॉवर सप्लाय, स्टोरेज, कॅबिनेट, परदेशातून मागवण्याचा खर्च आणि जीएसटी. चौथ्या पिढीचं सर्वांत साधं मॉड्यूल बाजारात आलं तेव्हा २५ डॉलरचं होतं. जास्त रॅम घेतली की किंमत भराभर वाढते.

त्यातच मेमरी महागली आहे. एआय डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५ मध्ये रॅमच्या चिपचे भाव चढले. रास्पबेरी पायने ऑक्टोबर आणि डिसेंबर २०२५ मध्ये किमती वाढवल्या. १६ जीबीचा रास्पबेरी पाय ५ डिसेंबरच्या वाढीत १२० डॉलरवरून १४५ डॉलरवर गेला. शिकण्यासाठी स्वस्तात मिळणाऱ्या कॉम्प्युटरची किंमत दूरच्या डेटा सेंटरांच्या भुकेवर ठरू लागली आहे.

दुरुस्तीचाही विचार हवा. चार सुटे रास्पबेरी पाय आणि एक साधा नेटवर्क स्विच घेतला, तर जे बिघडेल तेवढंच बदलता येतं आणि स्विच नागपूरच्या बाजारातही मिळतो. क्लस्टर बोर्डवरचा स्विच गेला, तर चारही नोड मुके होतात आणि बोर्ड पुन्हा परदेशातून मागवावा लागतो. चरखा संघाची दुरुस्तीची अट इथे बोर्डच्या विरोधात जाते. नीटनेटका बोर्ड, कमी वायरी आणि दूरवरून नियंत्रण हे फायदे या जोखमीपेक्षा मोठे वाटत असतील, तरच तो घ्यावा.

क्लाउड असताना हे कशाला?

हा सर्वांत रास्त आक्षेप आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपयांचं इंडिया-एआय मिशन मंजूर केलं. त्याखाली ३८ हजार जीपीयू उपलब्ध करून दिल्याचं आणि ते सरासरी तासाला ६५ रुपयांत मिळत असल्याचं सरकारने सांगितलं आहे. तासाला ६५ रुपयांत जगातली उत्तम चिप मिळणार असेल, तर काडेपेटीएवढे चार कॉम्प्युटर कशाला हवेत?

एआय मॉडेल बनवायचं असेल, तर नकोतच. त्यासाठी क्लाउडच हवा. वर्गातल्या कार्यक्रमांसाठी सी-डॅकचा परम शावकही आहे. तो टेबलाशेजारी मावणारा एकाच पेटीतला वेगवान कॉम्प्युटर कॉलेजांसाठीच बनवला आहे.

पण क्लाउडचं कौशल्य हेच, की तो आतली यंत्रणा दिसू देत नाही. नोड तापला, स्विच अडकला, डिस्क भरली, हे वापरणाऱ्याला कळू नये यासाठी तिकडे माणसं राबत असतात. क्लाउड वापरून तुम्ही चांगले वापरकर्ते व्हाल. ती राबणारी माणसं व्हायचं असेल, तर बिघाड डोळ्यांनी पाहावा लागतो, हाताने काढावा लागतो. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या ४,५०० कोटींच्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमध्ये यंत्रांबरोबर प्रशिक्षित माणसं तयार करणं हेही उद्दिष्ट होतं. ती माणसं फक्त पुणे, मुंबई, बंगळुरूतच तयार होणार का?

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात झालेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची मांडणी पुढे आली. हाताचं काम हेच शिक्षणाचं माध्यम, हा तिचा गाभा. तिथे सूत काढणं म्हणजे फक्त सूत काढणं नव्हतं. त्यातून गणित, भूगोल, अर्थशास्त्र शिकायचं होतं. या अर्थाने क्लस्टर बोर्ड टकळीसारखा आहे. टकळी गिरणीशी स्पर्धा करत नाही, पण धागा कसा होतो हे ती दाखवते.

आणि फुकटातला पर्याय?

तोही आहे. वर्ध्याची बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी असो, सेवाग्रामचं बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय असो की राज्यातलं कोणतंही इंजिनिअरिंग कॉलेज, कॉम्प्युटर लॅब प्रत्येक ठिकाणी असते. त्यातले चार जुने पीसी, एक स्विच आणि लिनक्स, एवढ्यावर बेओवुल्फ उभा राहतो. वर दिलेल्या सहापैकी बहुतेक चाचण्या त्यावर आजच करता येतात, एक रुपयाही न खर्चता. अडचण वेगळी आहे. लॅबचे पीसी परीक्षेसाठी आणि रोजच्या प्रॅक्टिकलसाठी लागतात. त्यांची सिस्टिम मोडून पाहायची परवानगी सहसा मिळत नाही, आणि मोडून पाहिल्याशिवाय हे शिकता येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवता येईल. आधी चार जुन्या पीसींचा क्लस्टर करून पाहायचा. वर्षभर तो चालला, त्याभोवती विद्यार्थी जमले, शिक्षकांना रस वाटला, तर क्लस्टर बोर्ड घ्यायचा. जमले नाहीत, तर बोर्ड घेऊनही जमणार नाहीत. तो डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदवला जाईल, कपाटात कुलूपबंद होईल आणि तपासणी समिती आली की बाहेर निघेल.

बोर्ड घेतलाच, तर खरेदीच्या कागदावर दोन ओळी जादा लिहून घ्याव्यात. हा बोर्ड बिघडवायची विद्यार्थ्यांना मुभा आहे, ही पहिली. प्रत्येक बिघाडाची नोंद मराठीत किंवा इंग्रजीत, तारीख-वेळेसह वहीत ठेवायची, ही दुसरी. पाच वर्षांनी बोर्ड जुना होईल, गिगाफ्लॉपचे आकडे हास्यास्पद वाटतील. त्या वहीत मात्र मे महिन्यात एसीशिवाय क्लस्टर कसा चालतो, वीज गेल्यावर तो कसा उठवायचा आणि एक नोड गेला तर काय करायचं, हे लिहिलेलं असेल. परदेशातल्या कुठल्याही चाचणीच्या निकालात ही माहिती सापडत नाही.